क्रूझ सुटण्याआधीच विमान अडकले तर?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

उत्तर अमेरिकेतील आणि युरोपातील विमानतळ ज्या महिन्यांत बर्फाने आणि धुक्याने हैराण झालेले असतात, नेमक्या त्याच महिन्यांत कॅरिबियन समुद्रातील क्रूझचा हंगाम ऐन भरात असतो. या वेळच्या टपालातील बरीच पत्रे याच विषयावरची असल्याने हे सदर आम्ही त्यांनाच दिले आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : जानेवारीत मायामीहून सुटणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझचे आरक्षण आम्ही केले आहे. जहाज दुपारी चार वाजता सुटते. शिकागोला विमान बदलून आम्ही त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता मायामीत उतरणार आहोत. म्हणजे हाताशी पाच तास राहतात. हिवाळ्यात दोन-तीन तास उशीर होतो असे धरले, तरी एवढा वेळ पुरेसा नाही का?

उत्तर : नाही. मुळात तुमच्या हाताशी पाच तास नाहीतच. अमेरिकेच्या बंदरातून निघणाऱ्या जहाजाला आपल्या प्रवाशांची अंतिम यादी सुटण्याच्या किमान ६० मिनिटे आधी तिथल्या सीमाशुल्क खात्याकडे पाठवावी लागते, आणि म्हणून बहुतेक क्रूझ कंपन्या सुटण्याच्या तास-दीड तास आधी प्रवासी घेणे थांबवतात. चारचे जहाज म्हणजे प्रत्यक्षात अडीच-तीनचे जहाज. सामान येण्याची वाट पाहणे, टॅक्सी आणि बंदरावरची रांग यांचा वेळ वजा केला, की उरतात जेमतेम दोन तास.

खरी अडचण मात्र याहून वेगळी आहे. तुम्ही उशिराचा हिशेब केला आहे. हिवाळ्यात हिशेब करावा लागतो तो विमान रद्द होण्याचा. उशीर झालेले विमान केव्हातरी पोहोचते. रद्द झालेल्या विमानातील दीड-दोनशे प्रवाशांना मात्र पुढच्या विमानांतील उरल्यासुरल्या जागांवर बसवायचे असते, आणि नाताळ ते नववर्ष या काळात किंवा शनिवार-रविवारी अशा जागा जवळपास नसतातच. म्हणून 'किती तास उशीर होईल' असे न विचारता 'हे विमान रद्द झाले, तर जहाज सुटण्याआधी मला पोहोचवू शकतील अशी आणखी किती विमाने शिल्लक आहेत' असे विचारावे. तुमच्या बेतात याचे उत्तर शून्य आहे.

मायामीत स्वच्छ ऊन असेल तर विमान वेळेवर येईल, ही समजूतही फसवी आहे. शिकागोसारख्या विमानतळावर बर्फ पडू लागला की धावपट्ट्या आळीपाळीने बंद करून साफ कराव्या लागतात, तासाला उतरू शकणाऱ्या विमानांची संख्या घटते आणि तिकडे निघणारी विमाने त्यांच्या मूळ विमानतळांवरच, कोरड्या ठणठणीत हवेत, थांबवून ठेवली जातात. जी विमाने निघू शकतात त्यांच्या पंखांवरचे बर्फ ग्लायकॉल मिसळलेल्या गरम द्रवाने काढतात आणि वर नवा थर साचू नये म्हणून घट्ट द्रव फवारतात. या दुसऱ्या फवाऱ्याचे संरक्षण ठरावीक वेळच टिकते. हिमवर्षाव जोराचा असेल तर ती वेळ काही मिनिटांवर येते, आणि तेवढ्यात उड्डाण झाले नाही तर विमानाला फवारणीसाठी पुन्हा रांगेत यावे लागते. दरम्यान वैमानिकांच्या कामाच्या तासांची कायदेशीर मर्यादा संपली, की हवामान निवळूनही ते विमान हलत नाही.

वादळ ओसरले म्हणजे सारे सुरळीत झाले असेही नसते. डिसेंबर २०२२ मधील हिमवादळानंतर इतर विमान कंपन्या काही दिवसांत सावरल्या, पण साउथवेस्ट एअरलाइन्सची कर्मचारी-नियोजनाची व्यवस्था कोलमडली आणि महिनाअखेरपर्यंत तिची १६ हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. अमेरिकेच्या परिवहन खात्याने या कंपनीला पुढच्या वर्षी १४ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. पण त्या आठवड्यात ज्यांची जहाजे निघून गेली त्यांना त्याचा काय उपयोग?

तेव्हा आदल्या दिवशी पोहोचा, हा आमचा सल्ला नसून किमान अट आहे. शिकागो, डेन्व्हर, बोस्टन किंवा न्यूयॉर्कमार्गे जाणार असाल, अथवा प्रवास नाताळच्या सुट्टीत असेल, तर दोन दिवस आधी पोहोचावे. आदल्या दिवशीसुद्धा सकाळचे पहिले विमान घ्यावे. ते बहुधा रात्रीच येऊन उभे असते, त्यामुळे दिवसभरात साचत जाणारा उशीर त्याच्या वाट्याला येत नाही. थेट विमान मिळत असेल तर थोडे जास्त पैसे मोजावेत. विमान बदलणे अटळ असेल तर ॲटलांटासारखे दक्षिणेकडचे विमानतळ त्यातल्या त्यात बरे, मात्र तेही निर्धोक नव्हेत : तिकडे बर्फ क्वचित पडतो म्हणूनच तो काढण्याची यंत्रेही कमी असतात, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासला गोठवणाऱ्या थंडीने त्याची चांगलीच प्रचिती दिली. शिवाय, मायामीलाच उतरण्याचा हट्ट नको. फोर्ट लॉडरडेल आणि वेस्ट पाम बीच हे दोन्ही विमानतळ रस्त्याने गाठता येण्याजोगे आहेत, आणि त्यांची नावे आधीच लिहून ठेवली तर ऐनवेळी काउंटरवर सुचतात.

सगळा विमानप्रवास एकाच तिकिटावर असावा, हे मात्र काटेकोरपणे पाळा. दोन स्वतंत्र तिकिटे स्वस्त पडतात खरी, पण पहिले विमान उशिरा पोहोचल्याने दुसरे चुकले तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, एवढेच.

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात माझ्या बहिणीचे विमान बर्फामुळे रद्द झाले. तिने घाबरून तिकिटाचे पैसे परत घेतले, आणि मग कुठल्याच विमानात जागा मिळेना. अशा वेळी नेमके काय करायला हवे होते?

उत्तर : पैसे परत घ्यायला नको होते, निदान लगेच तरी नाही. परतावा स्वीकारला की दुसऱ्या विमानाने पोहोचवण्याची विमान कंपनीची जबाबदारी संपते, आणि मग तुम्ही त्या दिवशीच्या भडकलेल्या दराने तिकीट शोधणारे एक नवे गिऱ्हाईक ठरता. जहाज गाठायचे असेल तर परतावा नव्हे, पर्यायी विमान मागावे.

रांगेत उभे राहा, पण रांगेवर विसंबू नका. उभ्या उभ्याच कंपनीचे ॲप उघडा आणि ग्राहक सेवेला फोनही लावा. जागा ज्याला आधी सापडेल त्याची. काउंटरवरील कर्मचाऱ्याला 'काहीतरी करा' म्हणण्यापेक्षा तुम्हीच पाहून ठेवलेले विमान क्रमांकासह सांगितले, तर काम लवकर होते. वादळाचा अंदाज असेल तेव्हा विमान कंपन्या बऱ्याचदा एक-दोन दिवस आधीच विनाशुल्क तारीख बदलण्याची सवलत जाहीर करतात. ती जाहीर होताच आदल्या विमानात सरकावे. आमच्या मते ही सवलत सर्वांत कमी वापरली जाते, कारण 'बघू, कदाचित निवळेल' हा विचार कोणालाच सोडत नाही.

दुसरा फोन क्रूझ कंपनीला. जहाजाच्या तिकिटावर आणीबाणीचा क्रमांक छापलेला असतो. तुम्ही अडकला आहात पण येणार आहात, हे जहाज सुटण्यापूर्वी कळवणे फार आवश्यक आहे. न कळवता गैरहजर राहिलात तर संपूर्ण आरक्षण रद्द समजले जाऊ शकते. त्याच फोनवर पुढच्या कोणत्या बंदरावर जहाजात चढता येईल हे विचारून घ्या, कारण हे तुम्ही ठरवू शकत नाही.

त्याचे कारणही सांगतो. अमेरिकेतील १८८६ च्या एका कायद्यानुसार परदेशी ध्वज लावणाऱ्या जहाजाला, आणि बहुतेक क्रूझ जहाजे तशीच असतात, अमेरिकेच्या एका बंदरातून घेतलेला प्रवासी काही अपवाद वगळता अमेरिकेच्या दुसऱ्या बंदरात उतरवता येत नाही. मायामीहून निघालेले जहाज दुसऱ्या दिवशी फ्लोरिडातल्याच 'की वेस्ट' बंदराला थांबणार असेल, तर तिथे चढून मायामीत उतरणे साधारणपणे या कायद्यात बसत नाही आणि कंपनी तुम्हाला नकार देते. नासाऊ (बहामा) किंवा कोझुमेल (मेक्सिको) ही परदेशी बंदरे असल्याने तिथे चढायला या कायद्याची आडकाठी नाही. मात्र त्या देशात विमानाने उतरण्यासाठी लागणारा पासपोर्ट आणि व्हिसा तुमच्यापाशी हवा. क्रूझ कंपन्यांच्या खासगी बेटांवर तर प्रवासी विमाने उतरतच नाहीत. म्हणून आरक्षण करतानाच पहिल्या दोन थांब्यांकडे नीट पाहावे. पहिला दिवस समुद्रात आणि दुसऱ्या दिवशी विमानतळ असलेले परदेशी बंदर, हा कार्यक्रम हिवाळ्यात सर्वांत सोयीचा.

प्रश्न : क्रूझ कंपनीकडूनच विमानाचे तिकीट घेतले, तर जहाज आपल्यासाठी थांबते, असे आमचे ट्रॅव्हल एजंट म्हणतात. हे खरे आहे का?

उत्तर : थांबेलच असे नाही. एकाच विमानाने बरेच प्रवासी येत असतील तर जहाज थोडा वेळ रेंगाळू शकते, पण बंदरातील जागेची वेळ, जहाजाला बंदराबाहेर वाट दाखवणारी पायलट बोट आणि पुढच्या बंदराचे वेळापत्रक यांपुढे चार-सहा प्रवाशांचे काही चालत नाही. फायदा आहे तो वेगळा : तुमचे विमान अडकल्याचे कंपनीला आपोआप कळते, आणि बऱ्याच कंपन्या अशा प्रवाशांना पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था करतात. खर्च कोण करणार, हे करारात वाचून घ्यावे. या सोयीचे तिकीट घेऊनही त्याच दिवशीचे विमान निवडण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आम्ही प्रवास विमा घेतला आहे. मग आदल्या दिवशी हॉटेलात राहण्याचा जादा खर्च करायची गरज उरते का?

उत्तर : विमा पैसे देतो, जहाज परत आणत नाही. शिवाय पैसे मिळण्याची वाटही वाटते तितकी सरळ नाही. विलंबाचे संरक्षण ठरावीक तास उलटल्यावरच लागू होते; काही पॉलिसींत ही मर्यादा तीन तासांची, तर काहींत बारा तासांची असते, आणि क्रूझच्या प्रवाशाला या फरकाची किंमत कळायला वेळ लागत नाही. 'मिस्ड कनेक्शन' (पुढचा प्रवास चुकणे) या कलमात विमानापुढचे फक्त विमान धरले आहे की जहाजही, हे शब्दशः वाचा. वादळाचा इशारा जाहीर झाल्यानंतर घेतलेली पॉलिसी त्या वादळाला सहसा लागू होत नाही, तेव्हा क्रूझची पहिली रक्कम भरली त्याच सुमारास विमा घेणे उत्तम. काही पॉलिसींत, प्रवाशाने पुरेसा वेळ हाताशी ठेवून बेत आखलेला असावा अशीही अट असते, म्हणजे आदल्या दिवशी न जाण्याचे कारण म्हणून तुम्ही ज्या विम्याकडे बोट दाखवता, तोच विमा त्या कारणाने दावा नाकारू शकतो.

विमान रद्द झाले तर त्याचे कारण विमान कंपनीकडून लेखी घ्या आणि हॉटेल, टॅक्सी, नवे तिकीट यांच्या पावत्या जपा.

प्रश्न : बर्फामुळे विमान रद्द झाले तर विमान कंपनीकडून भरपाई मागता येते का? हुकलेल्या क्रूझचे पैसेही तिने द्यायला हवेत, असे माझे मत आहे.

उत्तर : तुमचा संताप समजू शकतो, पण कायदा तुमच्या बाजूने नाही. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो भरपाई मिळते. हिमवादळासारखी असाधारण परिस्थिती मात्र तिला अपवाद आहे. तरीही जेवण, गरज पडल्यास हॉटेल, आणि परतावा किंवा पर्यायी विमान यांवरचा हक्क वादळातही कायम राहतो, आणि तो मागून घ्यावा. अमेरिकेत हवामानामुळे अडकलेल्या प्रवाशाला हॉटेल देण्याची सक्ती नाही. तिथे २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे उड्डाण रद्द झाले, अथवा देशांतर्गत तीन तास आणि आंतरराष्ट्रीय सहा तास किंवा त्याहून अधिक लांबले व तुम्ही प्रवास नाकारला, तर रोख परतावा मिळतो, एवढेच.

हुकलेल्या क्रूझचा खर्च हे विलंबाने झालेले नुकसान आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराखाली त्याचा दावा करता येतो, पण नुकसान टाळण्यासाठी शक्य ते सारे उपाय केले होते असे कंपनीने सिद्ध केले तर ती मोकळी होते. बर्फाच्या बाबतीत हे सिद्ध करणे तिला फारसे जड जात नाही. विमान हवामानामुळे नव्हे, तर इतरांची विमाने उडत असताना कर्मचारी नसल्यामुळे रद्द झाले असेल, तर मात्र दावा सोडू नका.

प्रश्न : आम्ही वेळेत पोहोचलो, पण सामान मागे राहिले, तर काय करावे?

उत्तर : विमानतळ सोडण्यापूर्वी सामान विभागात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या, आणि पत्ता म्हणून हॉटेल न देता जहाजाचे नाव, सुटण्याची तारीख, केबिन क्रमांक आणि तारखांसह पुढची बंदरे लिहून द्या. जहाजावर चढताच स्वागत कक्षालाही हा क्रमांक कळवा, म्हणजे बंदरातील कंपनीचा एजंट पाठपुरावा करू शकेल. मधल्या दिवसांत लागणारे आवश्यक कपडे व वस्तू खरेदी करून पावत्या ठेवाव्यात. मॉन्ट्रियल करारानुसार उशिरा आलेल्या सामानाची लेखी तक्रार ते हाती आल्यापासून २१ दिवसांत करावी लागते. पासपोर्ट, जहाजाची कागदपत्रे, संपूर्ण प्रवासाला पुरतील एवढी औषधे, चष्मा आणि दोन दिवसांचे कपडे हातातल्या बॅगेतच हवेत. विमानात चढताना जागा नाही म्हणून हीच बॅग कर्मचाऱ्यांनी खाली पाठवायला मागितली, तर औषधे आणि कागदपत्रे आधी बाहेर काढा, आणि पॉवर बँकही काढा, कारण ती सामानकक्षात ठेवायला परवानगी नसते.