वडील 1998 मध्ये वारले, सातबारा भावांच्या नावावर आहे. 2020 च्या निकालामुळे मला शेतात हिस्सा मागता येईल का?

हो, येईल. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, 11 ऑगस्ट 2020, सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींचं पीठ. वडील 9 सप्टेंबर 2005 ला, म्हणजे हिंदू वारसा कायद्यात मुलींना बरोबरीचा हक्क देणारी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, हयात असले पाहिजेत ही अट त्या निकालाने काढून टाकली. मुलीचा हक्क जन्माने येतो, बापाच्या मरणाच्या तारखेशी त्याचा संबंध नाही. कायद्यापुरतं उत्तर एवढंच. पण ताई, तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की "लग्नात वडिलांनी बराच खर्च केला होता, मग आता मागणं बरं दिसेल का?" त्या ओळीसाठी मी लिहायला बसलेय.

आमचं गाव अंबाजोगाईच्या बाजूचं. बारा एकर जिरायत, सोयाबीन आणि तूर, विहीर आहे पण उन्हाळ्यात तिच्यात बघण्यासारखं काही नसतं. आबा 2004 च्या मार्चमध्ये गेले. मागे आई, दादा, आक्का आणि मी. तेरावं झालं आणि पाहुणे उठायच्या आतच तात्यांनी, म्हणजे चुलत्यांनी, विषय काढला. तलाठ्याकडे वारस लावायचेत, पोरींनी हक्कसोडपत्रावर सह्या करून टाकाव्यात, नुसता कागद आहे. आक्काने केली. तिला रजिस्ट्री ऑफिसला नेलं, येताना साडीचोळी घेतली, झालं. मी म्हटलं, नुसता कागदच असेल तर माझ्या सहीवाचून अडतंय कशाला? तेव्हा तात्या सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या लग्नात दिलं की गं सगळं. हुंडा, सोनं, भांडी. तोच तुझा वाटा. अजून किती उपसतीस?"

हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं असणार, नाहीतर तुम्ही तो प्रश्न विचारला नसता. म्हणून हिशोबच सांगते. दादाला इंजिनिअरिंगला घालताना डोनेशन भरायला आबांनी ओढ्याकाठची दोन एकर विकली. तेव्हा चौदा एकर होती, म्हणून आता बारा. ती दोन एकर दादाच्या वाट्यातून कुणी वजा केली का? माझ्या लग्नाचे पैसे एका सालच्या कापसातून आणि सोसायटीच्या कर्जातून आले, जमीन गुंठाभरही गेली नाही. आणि हुंडा गेला कुणाच्या घरात? माझ्या सासऱ्यांच्या. 1961 पासून जे देणं-घेणं गुन्हा आहे त्याची पावती माझ्या नावावर कशी काय फाडता? मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं की लग्नात मुलीला हुंडा दिला असला तरी घरच्या मालमत्तेतला तिचा हक्क संपत नाही. मी ती बातमी तात्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. (तिकडे पोर्तुगीजांच्या काळचा दिवाणी कायदा चालतो, त्यामुळे तुमच्या दाव्यात तो निकाल जसाच्या तसा चालणार नाही. चुलत्यांना पाठवायला चालतो.)

वारस लागले तेव्हा आई आणि मी सातबाराच्या "इतर हक्क" या रकान्यात गेलो आणि कब्जेदार म्हणून एकटा दादा. तुमच्याकडेही बहुधा असंच असेल, किंवा तुमचं नावच नसेल. त्याला घाबरू नका. फेरफार नोंद महसूल कुणी भरायचा यासाठी असते, तिने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही. सवर्णी विरुद्ध इंदर कौर, 1996, आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने कितीदा तरी तेच सांगितलंय. तरी गावात सातबारा म्हणजे ब्रह्मवाक्य.

मी दावा टाकला 2012 मध्ये, रस्त्याला जमीन जाणार आणि मोबदला येणार अशी बोलवा उठली तेव्हा. दादाने कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, लिहिलं की आबांनी हयातीतच तोंडी वाटणी केली होती आणि सगळं त्याला दिलं होतं. ज्या बापाने बांधावरची बोरसुद्धा तिघांत सारखी वाटली, त्याने ही वाटणी कुणाच्या कानात केली देव जाणे.

मग 2015 मध्ये प्रकाश विरुद्ध फुलवतीचा निकाल आला. 2005 ला बाप आणि मुलगी दोघंही हयात असतील तरच मुलगी कोपार्सनर, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानेच वाटेकरी. आबा गेलेले 2004 ला. समोरच्या वकिलाने तो निकाल कोर्टात असा वाचला की जणू आमच्याच घरावर लिहिलाय. खालच्या कोर्टाने मला दिला बारावा हिस्सा, म्हणजे बारा एकरात एक एकर.

हा बारावा कुठून आला ते समजून घ्या, कारण तुम्हालाही कुणीतरी हेच गणित दाखवील. त्याचं मूळ गुरुपाद विरुद्ध हिराबाई, 1978, सांगलीच्या कोर्टातून वर गेलेली केस. बाप वारला त्याच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं धरायचं. आमच्यात आबा, आई, दादा असे तीन वाटे. मग आबांच्या तिसऱ्या हिश्श्याचे चार वारसांत चार तुकडे. मुलीला फक्त तो तुकडा. गुरुपादमध्ये दोन मुलगे आणि तीन मुली होत्या, विधवा आईला 7/24 आले आणि प्रत्येक मुलीला 1/24. त्या निकालाला मी नावं ठेवत नाही, त्याने विधवेला तिचा स्वतःचा वाटा आणि वर नवऱ्याच्या वाट्यातला तुकडा असं दोन्ही दिलं. तुमची आई हयात असेल तर तिचा वाटा आधी मांडा, भाऊ-बहिणींच्या भांडणात तो हमखास गायब होतो. पण मुलींना चोविसावा!

मी अपिलात गेले. 2018 च्या फेब्रुवारीत दानम्मा विरुद्ध अमरचा निकाल आला, तिथे बाप 2001 मध्ये वारलेला आणि तरी मुलींना बरोबरीचा वाटा. आता सर्वोच्च न्यायालयाचेच, दोन-दोन न्यायमूर्तींच्या पीठांचे दोन निकाल, तोंडं दोन दिशांना. आमचे वकील एक वाचायचे, त्यांचे दुसरा, आणि तारीख पडायची. विनीता शर्मा आला तेव्हा हे मिटलं. त्यात तुमच्या कामाच्या तीन गोष्टी आहेत. बाप कधी वारला हे बघायचं नाही. मरणाआधी वाटणी धरायची ते फक्त हिशोबापुरतं, ती खरी वाटणी नव्हे. आणि तोंडी वाटणीची सबब सहसा ऐकायची नाही, सरकारी कागदांचा भक्कम पुरावा असेल तरच. दादाकडे शपथेवर बोलायला तात्या होते, कागद नव्हता. अपिलात चौथा हिस्सा मिळाला, तीन एकर.

विनीता शर्माच्या निकालात एक जुनं वाक्य पुन्हा आलंय, मुलगा लग्न होईपर्यंत मुलगा असतो, मुलगी जन्मभर मुलगी. लोक ते स्टेटसला ठेवतात. मला ते पटत नाही. दादाने आईला किती जपलं हे कोर्टाने त्याला वाटा देताना विचारलं होतं का? मग माझ्या मायेचा दाखला कशाला?

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत वाटणी, विक्री किंवा हक्कसोड झाली असेल तर ती उघडता येत नाही. आक्काचा विषय तिथेच संपला, तिची सही त्या उन्हाळ्यातली. तुम्ही कुठे सही केली होती का ते आठवा. साध्या स्टॅम्पवर, नोंदणी न केलेली असेल तर तिने हक्क सुटत नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलं असेल तर त्यांच्या स्वतःच्या वाट्यापुरतं ते चालतं. नसेल, तर वडिलोपार्जित की स्वकष्टाची यावरून भाऊ कितीही तावातावाने बोलोत, स्वकष्टाच्या जमिनीतही मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहे, हिंदू वारसा कायदा आला त्या 1956 पासून. बाप 1956 च्या आधी वारलेला असेल तर गोष्ट वेगळी, नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तशा केसमध्ये मुलीला नाही म्हटलंय. तुम्हाला ते लागू नाही.

तुम्हाला खरी भीती दावा टाकायच्या मुदतीची आहे. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतून आपल्याला वगळलंय हे कळल्यापासून बारा वर्षं. भावांचा वकील म्हणणार, हिला 1998 लाच माहीत होतं. नुसतं सातबारावर नाव नसणं म्हणजे वगळणं नव्हे, असं तुमच्या वकिलाला म्हणावं लागेल, आणि तुम्ही कधी मागितलं, त्यांनी कधी नाही म्हटलं, यावर सगळं फिरेल. म्हणून 1998 च्या फेरफाराची नक्कल काढा, त्यात वारस म्हणून कुणाकुणाची नावं सांगितली होती ते बघा, आणि ती घेऊन दिवाणी काम करणाऱ्या वकिलाकडे जा. मी शिक्षिका आहे, वकील नाही.

माहेर तुटतं का, हेही विचारलंय तुम्ही. दादा बोलतो, वहिनी बोलत नाही, आई माझ्याकडे असते. डिक्री दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 खाली, जमीन प्रत्यक्ष वाटून द्यायला, कलेक्टरकडे गेली आहे, मोजणी व्हायची आहे, आणि तोवर तीन एकर कुठली यावरून पुन्हा भांडण चालू आहे, कारण विहीर कुणाकडे जाणार ते ठरलेलं नाही. तात्यांचं म्हणणं, पोरीला विहीर कशाला लागते.