हापूस न कापता त्याची गोडी आणि साका प्रकाशाने ओळखता येतो का?

आपला प्रश्न असा आहे की, हातात धरायच्या प्रकाशयंत्राने आंबा न कापता त्याची गोडी आणि आतला साका (बाहेरून न दिसणारा, कोयीलगतचा गर खराब होण्याचा दोष) खरोखर कळतो का, आणि बागेसाठी असे यंत्र घ्यावे का. अशा यंत्रांचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्यांचे आकडे खऱ्या मापाशी जुळवून देणे, हे माझे कामच असल्याने उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो. तोडणीच्या वेळी फळ किती भरले आहे हे चांगले कळते, पिकलेल्या फळाची गोडी बऱ्यापैकी कळते, साका मात्र हातयंत्राने भरवशाने कळत नाही.

या यंत्रात एक छोटा हॅलोजन दिवा असतो. त्याचा प्रकाश सालीतून गरात शिरतो, पेशींवर आपटून विखुरतो आणि त्यातला थोडा भाग परत बाहेर येतो. परत आलेल्या प्रकाशातील कोणत्या तरंगलांबीचा किती भाग गरात शोषला गेला, हे यंत्र मोजते. फळांसाठी साधारण ७०० ते ११०० नॅनोमीटरचा पट्टा वापरतात, कारण या पट्ट्यातील प्रकाश गरात तुलनेने खोलवर जातो आणि त्यासाठी लागणारा सिलिकॉनचा संवेदक स्वस्त असतो. त्याच्या अलीकडे, ६८० नॅनोमीटरच्या आसपास, सालीतले हरितद्रव्य दिसते. ९७० च्या आसपास पाणी ठळकपणे दिसते. सालीच्या पृष्ठभागावरून आरशासारखा परतणारा प्रकाश आतली काहीच माहिती आणत नाही, म्हणून संवेदकावर तो पडणार नाही अशी रचना करावी लागते. मापन घेताना फळ यंत्राच्या तोंडाशी नीट टेकवा असे जे बजावून सांगितले जाते, ते याचसाठी.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण विक्रेते ती सहसा सांगत नाहीत. यंत्राला साखर वेगळी अशी दिसत नाही. फळात बहुतांश पाणीच असल्यामुळे पाण्याच्या रुंद पट्ट्याखाली साखरेच्या खुणा झाकल्या जातात. म्हणून आधी बरीच फळे यंत्राने मोजायची, मग तीच फळे कापून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटर या गोडी मोजणाऱ्या उपकरणावर ठेवून ब्रिक्स (रसातल्या विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, अंशाचे माप) घ्यायचा, आणि या दोहोंची सांगड संख्याशास्त्राने घालून सूत्र बसवायचे, अशी पद्धत आहे. न कापता गुणवत्ता सांगणाऱ्या प्रत्येक आकड्यामागे अशी कापलेली फळे असतात, आणि ती ज्या जातीची, ज्या मुलखातली व ज्या हंगामातली असतील, तेवढ्यापुरताच तो आकडा खात्रीचा असतो. दुसऱ्या देशातील आंब्यांवर तयार केलेले सूत्र देवगडच्या हापूसवर तपासल्याशिवाय लावू नये. सूत्र नीट बसलेले असेल, तर पिकलेल्या फळात ब्रिक्सची चूक साधारण अर्धा ते एक अंश असते. आंबटपणाच्या आकड्यावर मात्र मी फारसा विसंबत नाही, कारण फळात आम्लाचे प्रमाण साखरेच्या मानाने फारच कमी असते.

आता तोडणीविषयी, कारण बागायतदाराला खरा उपयोग तेथेच आहे. हिरव्या, तयार हापूसमध्ये गोडी पिष्टाच्या रूपात साठलेली असते. आढीत पिकताना त्या पिष्टाची साखर होते. त्यामुळे झाडावरच्या फळाचा ब्रिक्स बहुधा दहाच्या खाली येतो आणि त्यावरून पुढे ते फळ १८ वर जाईल की १४ वर अडकेल हे समजत नाही. ते समजते शुष्क पदार्थाच्या प्रमाणावरून, म्हणजे पाणी वजा जाता उरणाऱ्या पिष्ट, साखर इत्यादींच्या वजनावरून. पाणी हेच प्रकाशाला सर्वांत स्पष्ट दिसत असल्यामुळे हे मापन या तंत्राला मानवते. ऑस्ट्रेलियात आंब्याची तोडणी ठरवण्यासाठी हाच निकष वापरला जातो. आपल्याकडे अनुभवी तोडणीवाला देठाजवळचा खळगा आणि खांद्यांचा उभार पाहून ‘चौदा आणे’, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार फळ झेल्यात (तोडणीच्या जाळीदार काठीत) घेतो. त्याची नजर यंत्राहून कमी आहे असे मी म्हणणार नाही, पण ती नजर एका कलमावरून दुसऱ्यावर जाताना आकडा मागे ठेवत नाही. यंत्र ठेवते, आणि कोणत्या भागातली तोडणी आधी करायची हे त्यावरून ठरवता येते.

साक्याचे गणित वेगळे आहे. साका कोयीलगतच्या गरात होतो: गर पांढुरका, भुसभुशीत, आंबट होतो आणि त्यात हवेच्या पोकळ्या पडतात, तर बाहेरची साल निर्दोष राहते. हातयंत्राचा प्रकाश गरात काही मिलीमीटर, फार तर सेंटिमीटरभर माहिती देण्याइतका पोहोचतो. कोयीभोवतीचा भाग त्याच्या टप्प्याबाहेरच राहतो. त्यासाठी प्रखर प्रकाश फळाच्या आरपार पाठवणारी रचना किंवा क्ष-किरण लागतात, आणि ती पॅकहाउसमधील (फळे निवडून भरण्याच्या जागेतील) सरकत्या पट्ट्यावर बसवायची यंत्रे आहेत. साका टाळायचा असेल, तर फळ झाडावर अति पक्व होऊ न देणे आणि बुंध्याभोवती आच्छादन करून जमिनीची धग कमी करणे यांचा उपयोग अधिक होतो. नवी लागवड असेल, तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या रत्ना आणि सिंधू या साकामुक्त जाती आहेतच, जरी हापूसच्या चवीपुढे अनेकांना त्या पटत नाहीत.

यंत्र घ्यायचेच असेल, तर विकत घेण्यापूर्वी ते आपल्या बागेत मागवा. निरनिराळ्या कलमांवरची, लहानमोठी, सकाळची थंड आणि दुपारची तापलेली अशी फळे निवडा, कारण तापमान बदलले की पाण्याचा पट्टा सरकतो आणि आकडा फसतो. प्रत्येक फळाच्या दोन्ही गालांवर मापन घ्या, त्याच जागेचा गर काढून वजन करा, ओव्हनमध्ये ६५ अंश सेल्सियसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि दोन्ही आकडे शेजारी मांडा. फरक सगळीकडे एकाच दिशेने येत असेल, तर तो दुरुस्त करता येतो. कधी वर, कधी खाली असा येत असेल, तर ते सूत्र आपल्या फळासाठी नाही, आणि विक्रेत्याने हंगामात येऊन आपल्याच फळांवर नवे सूत्र बसवून देण्याचे लेखी कबूल केल्याखेरीज पैसे देऊ नयेत.