चाकरमानी कोण आणि कोण नाही

विचारलंय की चाकरमानी म्हणजे नोकरी करणारा कुणीही का, आणि अनेकवचन काय करायचं.

कुणीही नाही हो! लोकल दहा मिनिटं लेट झाली की टीव्हीवर लगेच 'चाकरमान्यांचे हाल'. अरे, डोंबिवलीहून सीएसएमटीला जातो तो नोकरदार, चाकरमानी तो ज्याचं घर कोकणात आणि पोट मुंबईत. घाटावरनं, पाटण-जावळीकडनं आलेले माथाडी पण तेवढेच राबले, त्यांना कोणी चाकरमानी म्हटलं नाही, कारण हा शब्द गावाने दिलाय, शिमग्याला-गणपतीला येतो तो. लालबाग-परळातल्या गाववाल्यांच्या खोल्या आठवा, भिंतीला ओळीने ट्रंका, त्यावर वळकट्या, पहिल्या पाळीचा उठला की रातपाळीचा तिथेच आडवा, आणि खोलीत बाई एकही नाही, त्या गावी मनिऑर्डरची वाट बघतायत. गिरण्या गेल्या तरी 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 बायका आणि मुंबई शहरात 832, कुठला कोश याहून चांगला अर्थ सांगणार?

पण खरी गंमत 'चाकर'ची. फारसी शब्द, एवढं सांगून सगळे थांबतात. सातव्या शतकात मध्य आशियात, समरकंदकडे, चाकर म्हणजे सरदारांचे निवडक लढवय्ये, भांडी घासणारे नव्हेत, चिनी प्रवासी ह्युएनत्संग लिहितो की यांना मरण म्हणजे घरी परतल्यासारखं. घरी परतल्यासारखं! आणि हाच बुवा पुढे चालुक्य राजा पुलकेशीच्या महाराष्ट्रातही येऊन गेला. राहिलं 'मानी', ते 'मान'वरून, म्हणजे चाकरीत मान मानणारा, असं सांगणारे पंडित आहेत, त्यांनी एकदा गणपतीत एसटीने उभ्याने जाऊन यावं. माझ्या मते तो झिजलेला 'माणूस', कोकणीत 'मनीस' आहेच की. पुरावा मागू नका, कान आहेत मला.

2025 च्या गणपतीआधी सरकारी पातळीवर सूचना झाली की चाकरमानी कमीपणाचा वाटतो, कोकणवासी लिहा. अहो पण तो कोकणात वास करत नाही हीच तर सगळी भानगड आहे, वास करत असता तर रेल्वेच्या तिकिटासाठी पहाटे रांगेत कशाला उभा राहिला असता?

हां, अनेकवचन. तेली-तेल्यांना तसं चाकरमानी-चाकरमान्यांना. 'चाकरमाने' नको.