फॉर्म्युला वनमध्ये पेनल्टी देताना स्टुअर्ड पक्षपात करतात का?

तुमचा प्रश्न असा आहे की एकाच प्रकारच्या चुकीला एका ड्रायव्हरच्या वेळेत ५ सेकंद वाढवतात, दुसऱ्याच्या १० आणि तिसऱ्याला काहीच नाही, मग स्टुअर्ड, म्हणजे रेसचे पंच, ठरावीक लोकांना सांभाळून घेतात का. माझ्या मते निर्णयांमध्ये मेळ नसतो हे शंभर टक्के खरंय, पण पक्षपात मला दिसत नाही, आणि या दोन तक्रारी आपण कायम एकात एक मिसळतो म्हणून वाद कधी पुढे सरकतच नाही.

मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे पार्ट तपासतात तसं तपासणाऱ्यांनाही तपासतात. तेच पार्ट, नंबर झाकून, वेगवेगळ्या इन्स्पेक्टरना परत परत मोजायला द्यायचे. गेज, म्हणजे मोजायचं साधन, झिजला असेल तर सगळ्यांचं रीडिंग एकाच बाजूला सरकलेलं दिसतं, पक्षपात असता तर तो असा दिसला असता. पण माणूस बदलला की रीडिंग बदलतंय असं असेल तर दोष वेगळा, तिथे कोणी कोणाला सामील नसतं, ज्याची त्याची नजर वेगळी असते एवढंच. आणि कास्टिंगवरचा ओरखडा चालेल की रिजेक्ट हे डोळ्याने ठरवायचं असेल तर विचारूच नका, फर्स्ट शिफ्टने पास केलेला पार्ट सेकंड शिफ्टवाले लाल ट्रेमध्ये टाकतात.

एफ वनमध्ये गेजने मोजणं आणि नजरेने ठरवणं हे दोन्ही प्रकार एकाच वीकेंडला बघायला मिळाले होते, २०२१ च्या ब्राझीलला. क्वालिफाइंगनंतर, म्हणजे रेसमधली जागा ठरवणाऱ्या फेरीनंतर, ड्रायव्हर हॅमिल्टनच्या गाडीची मागची विंग तपासली, डीआरएस (वेग वाढवायला उघडणारी विंगची फळी) उघडल्यावर फट ८५ मिमीच्या वर जायला नको होती, बाहेरच्या बाजूला गेज आरपार गेला, विषय संपला, गडी क्वालिफाइंगमधून बाद. मिलिमीटरच्या अंशाची गोष्ट होती आणि तरी नियमाच्या अर्थावर वाद घालायला जागा नव्हती. आणि रविवारी त्याच ट्रॅकवर टर्न ४ ला, म्हणजे चौथ्या वळणावर, त्याचा प्रतिस्पर्धी व्हर्स्टापेन इतका उशिरा ब्रेक मारतो की तो स्वतः आणि हॅमिल्टन दोघंही बाहेर जातात, तर त्याची साधी चौकशीसुद्धा लागत नाही! तिथे गेज नाहीये, तिथे नजर आहे.

आता नजर कोणाची? स्टुअर्ड साधारण चार जण असतात, त्यात एक माजी ड्रायव्हर, एक यजमान देशाच्या संघटनेचा, आणि हे पॅनल रेसगणिक बदलतं. पगारी नोकर नाहीत ते.

मला सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं ते २०२४ चं अमेरिकेतलं ऑस्टिन. आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झालेली रेस, कोथरूडला मित्राकडे बघत होतो, आणि शेवटच्या काही लॅपमध्ये नॉरिसने टर्न १२ ला बाहेरून व्हर्स्टापेनला गाठलं, दोघंही ट्रॅकच्या बाहेर गेले, नॉरिस पुढे निघाला आणि त्यालाच ५ सेकंद, तिसऱ्याचा चौथा झाला. तिथे सगळे ओरडायला लागले की त्याच कॉर्नरला, त्याच रेसमध्ये, रसेलने बोटासला बाहेर ढकललं तेव्हा शिक्षा ढकलणाऱ्याला झाली होती, मग इथे बाहेर गेलेल्याला कशी? ऐकायला भयंकर वाटतं, पण स्टुअर्डना दिलेली गाइडलाइन वाचली तर फरक कळतो. रसेल आतून ओव्हरटेक करत होता, त्याने जागा ठेवायलाच हवी होती. नॉरिस बाहेरून ओव्हरटेक करत होता, आणि त्या वेळच्या गाइडलाइनप्रमाणे बाहेरून येणाऱ्याला जागा मागायचा हक्क तेव्हाच होता, जेव्हा एपेक्सला, म्हणजे वळणाच्या सगळ्यात आतल्या टोकाशी, त्याची गाडी पुढे असेल. व्हर्स्टापेनने फक्त ब्रेक सोडून एपेक्सला पहिलं पोचायचं, मग पुढे ट्रॅकवर राहता आलं नाही तरी हक्क त्याचा. म्हणजे निर्णय नियमाला धरून होता, नियमच भोकाचा होता, आणि ते भोक सगळ्यात आधी ज्याला सापडलं त्याने ते वापरलं. पुढच्याच रविवारी मेक्सिकोला नॉरिसशीच झालेल्या दोन प्रसंगांत व्हर्स्टापेनला १० अधिक १० सेकंद बसले. त्याला सांभाळणारी टोळी असती तर आठ दिवसांत कुठे गेली?

दुसऱ्या बाजूचेही हेच म्हणतात हे विसरू नका. २०२१ च्या सिल्व्हरस्टोनला हॅमिल्टनला १० सेकंद मिळाले आणि तरी तो जिंकला, तर व्हर्स्टापेन ५१ जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या ५१ पट जोराच्या) धडकेनंतर हॉस्पिटलात. व्हर्स्टापेनच्या टीमचे, रेड बुलवाले, आजही चिडतात. पण स्टुअर्ड चूक किती मोठी हे बघतात, तिचा परिणाम किती मोठा झाला ते बघत नाहीत, आणि मला ते तत्त्व बरोबर वाटतं, नाहीतर शिक्षा समोरच्याच्या नशिबावर ठरेल.

माझा खरा राग आहे तो लपवाछपवीवर. ज्या गाइडलाइनवर हे सगळं चालतं त्या जून २०२५ पर्यंत एफआयएने, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेने, लोकांसाठी जाहीरच केल्या नव्हत्या. आमच्याकडे ओरखड्याचा नमुना बोर्डावर टांगलेला असतो, इथपर्यंत चालेल, यापुढे नाही, कोणीही येऊन ताडून बघा. इतकी वर्षं प्रेक्षकाला तो बोर्डच दिसत नव्हता तर त्याने संशय घ्यायचा नाही तर काय करायचं?

त्या एकदाच्या जाहीर झाल्या, आता दुसरं काम राहिलंय, वर्षभर तेच पॅनल ठेवा आणि त्यांना रीतसर पगार द्या, ड्रायव्हर लोकसुद्धा कायमचे स्टुअर्ड मागतायत. बाकी तुमच्या डोक्यात जी पेनल्टी असेल तिचं निर्णयाचं पान एफआयएच्या साइटवर मिळेल, काय घडलं, कुठला नियम मोडला, कारण काय, सगळं त्यात असतं, ते वाचून बघा आणि तरी पटलं नाही तर इथे कमेंटमध्ये टाका, त्यावर बोलू.