नवऱ्याचं इंग्लिश आडनाव ग्रीनवुड आहे, त्याचं मूळ आणि घराण्याची वंशावळ कशी शोधायची?

ताई, तुम्ही लिहिलंय की सासरची मंडळी मूळची यॉर्कशायरची, लेकीसाठी वंशावळ करायचीय, आणि एका वेबसाईटवर ग्रीनवुड आडनावाचा कोट ऑफ आर्म्स (ढालीवरचं मानचिन्ह) फ्रेम करून मिळतोय तो घ्यावा का. आधी फ्रेमचं सांगतो, पैसे जायच्या आत कळलेलं बरं. घेऊ नका. इंग्लंडमध्ये ते चिन्ह आडनावाला नसतं, एका माणसाला दिलेलं असतं आणि त्याच्या औरस वंशजांकडे बापाकडून मुलाकडे जातं. लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ पासून हेच काम करतंय. त्या एका माणसाशी नातं कागदावर सिद्ध झालं तर ठीक, नाहीतर आडनाव सारखं म्हणून भिंतीवर लावायचं म्हणजे गावातल्या कुठल्याही पाटलाने वाड्यातल्या पाटलाची सनद आपली म्हणून लावण्यासारखं आहे.

मी तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी केली, जुने फेरफार शोधून द्यायचे हेच काम. रिटायर झाल्यावर मुलाकडे यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्सला येऊन जाऊन असतो. सून इथलीच, माहेरचं आडनाव ॲक्रॉइड. आमचे व्याही पहिल्या भेटीपासून सांगायचे की आम्ही एडवर्ड ॲक्रॉइडच्या घराण्यातले. हा एडवर्ड (१८१० ते १८८७) म्हणजे हॅलिफॅक्सचा मोठा गिरणीमालक, कामगारांसाठी ॲक्रॉइडन नावाची वसाहत बांधली त्याने, त्याचा बंगला आता बँकफील्ड म्युझियम आहे. नातू झाला तेव्हा व्याही म्हणाले तुम्हाला कागद वाचायची सवय आहे, एवढं शोधून द्या, याच्यासाठी लिहून ठेवू.

इथे बहुतेक लोक जी चूक करतात ती तुम्ही करू नका. कुणीतरी प्रसिद्ध माणूस धरायचा आणि त्याच्यापासून खाली आपल्यापर्यंत यायचं, असं नाही चालत. आपल्यापासून वर जायचं, एकेक पिढी, आणि प्रत्येक पायरीला कागद पाहिजे, मधली एक पायरी गाळली तरी पुढचं सगळं दुसऱ्याच कुटुंबाचं निघू शकतं. सासूबाई असतील तर त्यांना आजच फोन करा, फोटोंच्या मागे काय लिहिलंय ते वाचून घ्या. मग २९ सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर बघा, युद्ध सुरू झाल्यावर सरकारने घरोघरच्या माणसांची नोंद केली ते, त्यात जन्मतारखा आहेत. त्याच्या मागे १९३१ चा सेन्सस (जनगणना) शोधत बसू नका, तो १९४२ मध्ये आगीत जळला, आणि १९४१ चा युद्धामुळे झालाच नाही. १९२१ चा मात्र २०२२ साली खुला झालाय, तिथून १९११, १९०१ असं मागे दहा दहा वर्षांनी १८४१ पर्यंत जाता येतं.

१९११ चा कागद जरूर काढा. त्या वर्षीपासून कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेला फॉर्मच जपून ठेवलाय, आणि त्यात लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, किती जिवंत, किती गेली असे रकाने आहेत. व्याह्यांच्या पणजोबांचा फॉर्म उघडला तर आकडे होते नऊ, सहा, तीन. आणि घरातल्या माणसांच्या यादीत खाली त्या तीन गेलेल्या मुलांची नावंही त्यांनी लिहिली होती, वयासकट. सरकारला ती नकोच होती, म्हणून प्रगणकाने लाल शाईने तीनही ओळींवर रेघ मारलेली. त्या रेघेखाली काळ्या शाईतली नावं नीट वाचता येतात. सूनबाई लॅपटॉप जवळ घेऊन कितीतरी वेळ तेच बघत बसली, तिचं बाळ तेव्हा दोन महिन्यांचं होतं.

आता जन्माचे दाखले. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाईन इंडेक्समध्ये मुलाच्या नावासमोर आईचं माहेरचं आडनाव दिसतं, त्यामुळे एकाच नावाच्या पाच मुलांतून आपला कोण ते ओळखता येतं. फ्रीबीएमडी आणि फॅमिलीसर्च या साईट फुकट आहेत, इथल्या बऱ्याच लायब्ररींत पैसेवाल्या साईटही फुकट बघू देतात. पणजोबा सापडले, मग त्यांचे वडील, म्हणजे व्याह्यांचे खापरपणजोबा, जन्म १८४३. आणि त्यांच्या नावासमोर आईच्या आडनावाच्या जागी फक्त एक छोटी आडवी रेघ. ती रेघ दिसली की समजायचं, आईचं लग्न झालेलं नव्हतं.

दाखला मागवला. बापाचा रकाना कोरा. बापाच्या धंद्याचा रकाना कोरा. खबर देणाराच्या रकान्यात आईचं नाव आणि त्याच्यापाशी एक फुली, कारण तिला सही येत नव्हती. आपल्याकडे दस्तावर ‘निशाणी डावा अंगठा’ लिहितात ना, तसंच, ‘हिची निशाणी’. मी असे हजारो अंगठे पाहिलेत पण त्या फुलीपाशी थांबलो. वीस वर्षांची पोर, बाळंतपणातून उठून रजिस्ट्रारसमोर उभी राहते, बापाचं नाव विचारल्यावर तिथे काही लिहिलं जात नाही, आणि ती फुली मारून पोराला स्वतःचं आडनाव देते.

मग तिला शोधलं. १८५१ च्या सेन्ससमध्ये ती आईबापाच्या घरात आहे, ‘मुलगी, अविवाहित, लोकरीच्या मागावर विणकर’, आणि खाली ‘नातू, वय ८’. १८४१ मध्ये तिचं वय १५ लिहिलंय, पण ते खरं नाही धरायचं, त्या सेन्ससला पंधराच्या वरची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचे, म्हणजे १५ म्हणजे १५ ते १९ काहीही. मुलाच्या लग्नाच्या दाखल्यावर परत बापाच्या जागी रेघ आणि आईचं नाव तर कुठेच नाही, कारण इंग्लंडमध्ये लग्नाच्या नोंदीत आईचं नाव यायला ४ मे २०२१ उजाडावा लागला! म्हणून सांगतो, लग्नाच्या दाखल्यावर थांबू नका, जन्माचा काढाच, नाहीतर बाया हरवतात.

व्याह्यांना सांगताना मला जड गेलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, म्हणजे हे नाव आम्हाला तिने दिलं. गिरणीमालकाचा विषय त्यानंतर त्यांनी काढला नाही, आणि नातवासाठी जे बाड केलंय त्यात पहिल्या पानावर तो १८४३ चा दाखला लावायला त्यांनीच सांगितलं.

आडनावाचं मूळ. ॲक्रॉइड म्हणजे ओकच्या झाडांपाशी जंगल तोडून काढलेली जमीन. ‘रॉइड’ हा वेस्ट यॉर्कशायरच्याच बोलीतला शब्द, हॉलरॉइड, बूथरॉइड, मर्गट्रॉइड सगळे त्याचेच भाऊबंद, म्हणजे आपल्या ‘कर’सारखं, ऐकलं की मुलूख कळतो. तुमचं ग्रीनवुड ऐकायला साधं हिरवं रान वाटतं, पण हॅलिफॅक्सकडच्याच हेप्टनस्टॉल गावाजवळ ग्रीनवुड ली नावाचं ठिकाण आहे आणि कॉल्डर नदीच्या खोऱ्यात या आडनावाची माणसं फार दाट, तुमची मंडळी यॉर्कशायरची म्हटल्यावर तिथलीच असायची शक्यता बरीच. पण ती शक्यताच, कागद सापडेपर्यंत. धंद्याच्या नावांतही मुलूख असतो, कापड तुडवून घट्ट करणारा उत्तरेत वॉकर, आग्नेयेला फुलर, नैऋत्येला टकर, काम एकच. इथल्या शिब्डन हॉलच्या ॲन लिस्टरचं आडनाव म्हणजे रंगारी. नॉर्मन लोक १०६६ ला आले त्यानंतर आधी जमीनदारांत आणि मग हळूहळू सगळ्यांत आडनावं टिकायला लागली, १४०० च्या सुमाराला बहुतेकांना होती, आणि वेस्ट रायडिंगच्या (यॉर्कशायरच्या पश्चिम भागाच्या) १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्या शिल्लक आहेत त्यात यातली बरीच भेटतात. स्पेलिंगचा हट्ट धरू नका, पाद्र्याच्या कानाला जे आलं ते त्याने लिहिलं, व्याह्यांच्याच घराण्याची चार स्पेलिंगं मिळाली.

१८३७ च्या मागे चर्चची रजिस्टरं, ती १५३८ पासून ठेवायचा हुकूम आहे, आणि हॅलिफॅक्सची खरंच १५३८ पासून आहेत. घराणं मेथडिस्ट किंवा बॅप्टिस्ट (सरकारी चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळे पंथ) असेल तर मुलांचे बाप्तिस्मे त्यांच्या चॅपलच्या वहीत, पण १७५४ ते १८३७ मधली लग्नं तरी सरकारी चर्चमध्येच बघा, क्वेकर पंथाचे लोक आणि ज्यू सोडून सगळ्यांना तिथेच करावी लागायची. १७५२ च्या आधी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे फेब्रुवारी १७४० लिहिलं असेल तर आपल्या हिशोबाने ते १७४१. मी १७६० च्या आसपास थांबलो, एकाच गावात तीन जॉन ॲक्रॉइड निघाले आणि आपला कुठला हे सांगणारा एकही कागद नाही. अंदाजाने एक निवडून पुढे गेलो नाही, तुम्हीही जाऊ नका.

डीएनए टेस्टचं कुणी सुचवलं असेल तर एक लक्षात ठेवा. २००० साली साइक्स आडनावाच्या ४८ पुरुषांची तपासणी प्रसिद्ध झाली, याच भागातले आणि शेजारच्या लँकशायर, चेशायरमधले, त्यात निम्म्याच्या जरा खाली लोकांचा वाय क्रोमोसोम (बापाकडून फक्त मुलाकडे जाणारा डीएनएचा भाग) एकच निघाला. म्हणजे आडनाव एका माणसापासून निघालेलं असू शकतं, पण बाकीच्यांच्या घरात मधे कुठेतरी एखादी फुलीवाली आई, नाहीतर दत्तक मुलगा असणार.

१९२१ चं घर सापडलं की गावाचं नाव इथे कमेंटमध्ये टाका. हॅलिफॅक्सकडचं निघालं तर इथल्या सेंट्रल लायब्ररीतल्या अर्काईव्हमध्ये मी स्वतः जाऊन बघतो, नोव्हेंबरपर्यंत इथेच आहे.