परगावी गेलेल्यांचं घर आणि कुत्री-मांजरं सांभाळायचं काम घ्यायचंय. चावीची आणि जनावराची जबाबदारी कशी सांभाळावी?

तुम्ही लिहिलंय की टिळकवाडीतल्या दोन घरांनी दिवाळीच्या सुट्टीत आमचा कुत्रा बघाल का म्हणून विचारलंय, पैसेही द्यायला तयार आहेत, पण दुसऱ्याच्या घराची चावी घ्यायची भीती वाटते. मी बेळगावात हे काम सात वर्षं करते. ती भीती मला अजूनही वाटते आणि ती राहू द्यावी असंच मी सांगेन.

या कामात जे बिघडतं ते बहुतेक दारात बिघडतं. पहिल्याच वर्षी माझ्याकडे शहापुरातलं एक जुनं घर होतं. गल्लीकडे अरुंद तोंड, एकामागे एक खोल्या, शेवटी परडं. मालकीणबाई पुण्याला लेकीकडे गेलेल्या. जुलैचा पाऊस. मांजरीच्या तसराळ्यातली माती टाकायला मी मागचं दार उघडलं आणि चिंगी माझ्या पायांमधून परड्यात निसटली. मी ओरडत मागे धावले, हीच दुसरी चूक. घाबरलेलं मांजर हाक ऐकून येत नाही, आणखी आत शिरतं. त्या क्षणी मी मालकीणबाईंना फोन केला. लपवावंसं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. त्या रडल्या, पण त्यांनीच सांगितलं की ती कधी लांब जात नाही, माझी जुनी गोधडी दाराशी ठेवा. गोधडी ठेवली, शेजारी भाजलेला सुका बांगडा ठेवला, दिवा मालवला आणि दाराच्या आत गप्प बसून राहिले. रात्री दोनच्या सुमारास चिंगी जळणाच्या लाकडांच्या ढिगाखालून आली. घरापासून दहा पावलांवर होती. घरात वाढलेलं मांजर सुटलं तर आधी असंच जवळपास शोधा: जिन्याखाली, गाडीखाली, शेजारच्या माळ्यावर.

तेव्हापासून दोन दारं एकाच वेळी उघडी ठेवत नाही. बाहेरचं दार उघडायच्या आधी मांजर आतल्या खोलीत आणि खोलीला कडी. कुत्रा असेल तर आधी पट्टा आणि साखळी, मग कडी काढायची. गेट लागलं की हाताने ओढून बघायचं.

आता चावी. मालक घरात असताना एकदा जाऊन तासभर बसल्याशिवाय काम घेऊच नका. त्या भेटीत कुलूप स्वतः उघडून बघा; पावसाळ्यात फुगलेलं दार अर्ध्या रात्री तुम्हाला उघडता आलं पाहिजे. चावीवर नाव-पत्ता लिहू नका, नुसता आकडा लिहा, म्हणजे हरवली तरी सापडणाऱ्याला घर कळणार नाही. कुंडीखाली, चपलांच्या रॅकमध्ये चावी ठेवायला कुणी सांगितलं तर नाही म्हणा. आणखी कुणाकुणाकडे चावी आहे, कामवाल्या मावशी येणार का, कॅमेरे कुठे आहेत, हे आधीच विचारून घ्या. दागिने बँकेत ठेवा आणि ज्या खोलीत मला काम नाही तिला कुलूप लावून जा, असं मी मालकांना स्पष्ट सांगते. पहिल्या दिवशी प्रत्येक खोलीचा फोटो काढून पाठवते. कुत्र्याबरोबरचे फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला मात्र टाकू नका. घर रिकामं आहे हे त्यातून गावभर होतं.

आपल्या भागात एक गोष्ट नक्की विचारा: कुत्र्याशी घरात कुठल्या भाषेत बोलतात? मी एकदा कॅम्पातल्या एका लॅब्राडोरला ‘बस, बस’ म्हणत राहिले, तो नुसता बघत उभा. घरचे कन्नड बोलणारे. ‘कुंद्रु’ म्हटल्यावर लगेच बसला. ‘बा इल्ली’ म्हणजे ‘इकडे ये’, तेवढं म्हणता येत नसेल तर सुटलेला कुत्रा रस्त्यावरून परत कसा बोलवणार? मालक ज्या आवाजात, ज्या शब्दांत हाक मारतात ती फोनमध्ये रेकॉर्ड करून घ्या.

जनावरांचं लसीचं कार्ड बघितल्याशिवाय हात लावू नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कार्डावर लस असली तरी. घरात उंदराचं औषध कुठे टाकलंय ते विचारा आणि मालकांनाच काढायला लावा. चॉकलेट, कांदा, द्राक्षं, बेदाणे कुत्र्याला विषासारखे. दिवाळीच्या चिवड्यात आणि लाडवात बेदाणे असतात, म्हणून फराळाचे डबे वर ठेवा. मांजराला ताप वाटला म्हणून माणसाची पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, जीव जातो. कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचं आणि मालकांचा फोन लागला नाही तर किती खर्चापर्यंत मी निर्णय घ्यायचा, हे कागदावर लिहून सही घेते.

दिवाळीचं काम असल्यामुळे फटाक्यांचं सांगते. संध्याकाळचं फिरवणं उजेड असतानाच उरका. अंधार पडायच्या आधी कुत्रा सगळ्यात आतल्या खोलीत, खिडक्या बंद, पंखा चालू, त्याचं अंथरूण कोपऱ्यात. गळ्यात मालकांच्या फोन नंबरचा बिल्ला हवाच. आणि त्या चार दिवसांत नुसतं सकाळ-संध्याकाळ जाऊन येण्यावर काम घेऊ नका, रात्री तिथेच झोपा. एकटा कुत्रा आवाजाला घाबरून दार ओरबाडतो, नखं तुटेपर्यंत ओरबाडतो. मी बघितलंय.

पावसाळ्यात काम घ्याल तेव्हा चार दिवसांचं जादा खाणं आणि औषधं मागून ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुराने पुण्याकडचा महामार्ग बंद पडला होता. अशा वेळी ‘उद्या सकाळी येतो’ म्हणणारे मालक वाटेत अडकतात. मालक उंबऱ्याच्या आत आले, कुत्र्याने त्यांना ओळखलं, की चावी त्यांच्या हातात द्यायची. तोवर त्या घरातून हलू नका.