सॉफ्टवेअर आलं तरी वही सुटेना

प्रश्न: आमच्या पतसंस्थेत नवं सॉफ्टवेअर आलं, ट्रेनिंगही झालं, तरी स्टाफ गुपचूप जुनी वही ठेवतोच. लोक बदलाला घाबरतात का हो?

उत्तर: घाबरतात असं लगेच म्हणू नका. १९५१ साली एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ (हा स्वतः आधी खाणकामगार होता) या संशोधकांनी ब्रिटनच्या कोळसा खाणींबद्दल लिहिलं, तिथे यंत्रं आली पण उत्पादन अपेक्षेइतकं वाढेना, कारण आधी छोट्या टोळ्या सगळं काम मिळून करायच्या, एकमेकांना सांभाळायच्या, नव्या पद्धतीत कामाचे तुकडे तीन शिफ्टमध्ये वाटले आणि टोळ्याच मोडल्या. तुमच्या वहीतही नुसता हिशोब नसणार, कोणाचा हप्ता का थांबलाय, फोन कोणाला करायचा, हे सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं कुठे? वही जप्त करू नका प्लीज, आधी काउंटरवरच्या माणसाशेजारी बसून ती वाचा.